परीक्षा पुढे ढकलावी का? ‘नीट-पीजी’च्या तारखेमागचे गणित

२२ जून २०२४ च्या रात्री केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी होणारी वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेश परीक्षा, अर्थात ‘नीट-पीजी’, पुढे ढकलत असल्याचे जाहीर केले. परीक्षेला तेव्हा बारा तासही उरले नव्हते. परगावचे केंद्र मिळालेले अनेक डॉक्टर तोवर त्या शहरात मुक्कामाला पोहोचले होते. पुढे हीच परीक्षा ११ ऑगस्टला घेण्याचे ठरले, तेव्हा ती आणखी लांबवावी, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली. न्यायालयाने ९ ऑगस्टला ती फेटाळली. एकाच परीक्षेबाबत सात आठवड्यांच्या अंतराने दोन विरुद्ध निर्णय झाले आणि दोन्ही उमेदवारांच्या हिताचे कारण देऊनच झाले.

२०२१ ते २०२५ या पाच वर्षांत ‘नीट-पीजी’ची तारीख वादात सापडली नाही, असे एकही वर्ष गेले नाही. पाचपैकी चार वर्षी तारीख प्रत्यक्षात बदलली, तर २०२३ मध्ये ती बदलण्याची मागणी नाकारण्यात आली. दर वेळी चर्चा मात्र एकाच वळणाने गेली. एका बाजूला ‘विद्यार्थ्यांना अभ्यासाला वेळ द्या’ असे म्हणणारे आणि दुसऱ्या बाजूला ‘शिस्त म्हणून काही असते’ असे म्हणणारे. ही परीक्षा केवळ उमेदवारांची असती, तर हा वाद तेवढ्यावर मिटलाही असता. परंतु या परीक्षेच्या तारखेवर सरकारी रुग्णालयांतील मनुष्यबळाचे वेळापत्रकही अवलंबून असते. त्यामुळे ती पुढे ढकलावी की नाही, याचे उत्तर उमेदवारांच्या सोयीगैरसोयीपलीकडे जाऊन शोधावे लागते.

एका तारखेला जोडलेले दुवे

साडेचार वर्षांचे एमबीबीएसचे शिक्षण आणि त्यानंतर एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप पूर्ण झाल्यावर डॉक्टरला एमडी, एमएस किंवा डीएनबीसारख्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेता येतो. त्यासाठी राष्ट्रीय वैद्यकीय विज्ञान परीक्षा मंडळ ‘नीट-पीजी’ घेते. दोनशे प्रश्न, आठशे गुण, साडेतीन तास आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, असे या परीक्षेचे स्वरूप आहे. निकालानंतर राष्ट्रीय गुणवत्ता क्रमांक लागतो आणि प्रवेश फेऱ्या सुरू होतात. राज्यांतील सरकारी महाविद्यालयांच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून मेडिकल कौन्सेलिंग कमिटी भरते, तर महाराष्ट्राच्या वाट्याच्या जागा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजेच सीईटी सेल, भरतो.

प्रवेश मिळाला, की हा विद्यार्थी निवासी डॉक्टर होतो. मुंबईतील केईएम, शीव, नायर वा जे. जे. असो, पुण्याचे ससून असो की नागपूरचे मेडिकल, तेथील वॉर्ड, अपघात विभाग आणि रात्रपाळ्या प्रामुख्याने निवासी डॉक्टरांच्या खांद्यावर चालतात. अभ्यासक्रम तीन वर्षांचा असल्याने कोणत्याही वेळी निवासी डॉक्टरांच्या तीन तुकड्या रुग्णालयात असाव्या लागतात. तिसऱ्या वर्षाची तुकडी बाहेर पडते आणि नवी तुकडी तिची जागा भरून काढते. नवी तुकडी वेळेवर आली नाही, की रक्ताचे नमुने घेण्यापासून केसपेपर पूर्ण करण्यापर्यंतची पहिल्या वर्षाची सारी कामे दुसऱ्या वर्षाच्या डॉक्टरांवर येतात. सलग कामाचे तास वाढतात. थकलेल्या डॉक्टरसमोर उभ्या असलेल्या रुग्णाला याचे कारण ठाऊक नसते.

इंटर्नशिप, परीक्षा, निकाल, प्रवेश फेऱ्या आणि रुजू होणे ही एक साखळी आहे. परीक्षेची तारीख हा तिचा केवळ एक दुवा आहे. तो हलवल्याने पुढचे दुवे किती हलतात, हे पाहिल्याशिवाय लाभहानीचा हिशेब मांडता येत नाही.

२०२१ : साथीचे कारण, वादाचा विलंब

२०१८, २०१९ आणि २०२० या तिन्ही वर्षी ‘नीट-पीजी’ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झाली होती. कोरोनाच्या साथीमुळे २०२१ ची परीक्षा १८ एप्रिलवर गेली आणि दुसरी लाट उसळल्यावर, १५ एप्रिलला, तीही स्थगित झाली. ३ मे रोजी पंतप्रधान कार्यालयाने परीक्षा किमान चार महिने लांबवत असल्याचे जाहीर केले. परीक्षा ३१ ऑगस्टपूर्वी होणार नाही आणि तारीख जाहीर केल्यावर उमेदवारांना किमान एक महिना मिळेल, असे आश्वासनही त्यासोबत देण्यात आले.

या निर्णयामागे दोन ठोस कारणे होती. संसर्गाच्या शिखरावर लाखाहून अधिक डॉक्टरांना परीक्षा केंद्रांत एकत्र आणणे धोक्याचे होते. आणि हेच डॉक्टर त्या वेळी कोविड कक्षांत हवे होते. नवी तुकडी रुजू होईपर्यंत अंतिम वर्षाच्या निवासी डॉक्टरांची सेवा सुरू ठेवता येईल, अशी तरतूदही त्याच निर्णयात होती. परीक्षा लांबवली, तर वॉर्डात कोण उभे राहणार, या प्रश्नाचे उत्तर निर्णय घेतानाच दिले गेले, हे त्याचे वेगळेपण.

परीक्षा ११ सप्टेंबरला झाली आणि महिनाअखेरीस निकालही लागला. खरी कोंडी त्यानंतर सुरू झाली. अखिल भारतीय कोट्यात इतर मागासवर्गीयांना २७ टक्के आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण देण्याचा केंद्राचा निर्णय न्यायालयात अडकला आणि प्रवेश फेऱ्या थांबल्या. डिसेंबरमध्ये दिल्लीतील निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले. ‘मार्ड’ या महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांच्या संघटनेनेही त्या मागणीला पाठिंबा दिला. ७ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मार्ग मोकळा केला आणि १२ जानेवारीला फेऱ्या सुरू झाल्या. म्हणजे निकालानंतरही साडेतीन महिने साखळी जागच्या जागी थांबली होती. परीक्षेची स्थगिती साथीमुळे झाली, पण पुढचा विलंब साथीमुळे नव्हता. नवे डॉक्टर कधी येणार, याची वाट पाहणाऱ्या रुग्णालयांना मात्र दोन्ही विलंब सारखेच सोसावे लागले.

२०२२ आणि २०२३ : नकाराचे दोन अनुभव

एका वर्षाचा विलंब पुढच्या वर्षाच्या मानगुटीवर बसतो, हे २०२२ मध्ये दिसले. त्या वर्षीची परीक्षा १२ मार्चला ठरली होती. परंतु २०२१ च्या प्रवेश फेऱ्या अजून सुरू होत्या आणि कोविडमुळे लांबलेली अनेकांची इंटर्नशिप मुदतीत पूर्ण होणार नव्हती. ४ फेब्रुवारीला आरोग्य मंत्रालयाने परीक्षा सहा ते आठ आठवडे पुढे नेण्याचे ठरवले आणि ती २१ मेवर गेली. एक परीक्षा अजून संपलेली नसताना दुसरी सुरू करणे हा नियोजनातील दोष होता आणि वेळ दिल्याने तो कमी होणार होता. शिवाय निर्णय महिनाभर आधी जाहीर झाला.

मेमध्ये आणखी मुदतवाढीची मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. सूर्य कांत यांच्या खंडपीठाने १३ मे रोजी ती फेटाळली. मुदतवाढ मागणारे काही उमेदवार आहेत, तसेच ठरल्या तारखेला तयारीनिशी बसू इच्छिणारे दोन लाख सहा हजारांहून अधिक नोंदणीकृत उमेदवारही आहेत, हा न्यायालयाच्या निष्कर्षाचा एक आधार होता. दुसरा आधार रुग्णसेवेचा होता. परीक्षा लांबली, तर निवासी डॉक्टरांची उणीव भासेल आणि त्याचा भार रुग्णांवर पडेल, असे न्यायालयाने म्हटले.

परीक्षा वेळेवर झाली आणि अवघ्या दहा-अकरा दिवसांत, १ जूनला, निकालही लागला. प्रवेश फेऱ्या मात्र सप्टेंबरच्या मध्यावर सुरू झाल्या. २०२३ मध्ये हेच पुन्हा घडले. ५ मार्चच्या परीक्षेला हरकत घेणाऱ्यांचे म्हणणे असे होते, की इंटर्नशिप पूर्ण करण्याची अंतिम तारीख आता ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आहे. त्यामुळे प्रवेश फेऱ्या त्याआधी पूर्ण होऊ शकत नाहीत. मग मार्चमध्येच परीक्षा उरकण्याची घाई कशासाठी? सुमारे दोन लाख नऊ हजार उमेदवारांनी नोंदणी केली असून परीक्षा लांबवल्यास नजीकच्या काळात दुसरी तारीख मिळणे कठीण आहे, अशी बाजू सरकारच्या वतीने मांडण्यात आली. न्या. एस. रवींद्र भट आणि न्या. दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने २७ फेब्रुवारीला याचिका फेटाळल्या. १४ मार्चला निकाल लागला. प्रवेश फेऱ्या जुलैअखेरीस सुरू झाल्या.

कायद्याच्या दृष्टीने नकार योग्यच होता. परीक्षेला आठवडा उरलेला असताना दोन लाख जणांचे वेळापत्रक मोडण्याइतका दोष त्या तारखेत नव्हता. परंतु धोरणाच्या दृष्टीने याचिकाकर्त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. वॉर्डात डॉक्टर हवे आहेत म्हणून परीक्षा वेळेवर घ्यायची आणि मग निकाल चार महिने पडून ठेवायचा, यात रुग्णाच्या पदरी काहीच पडत नाही. ‘मुदतवाढ नाही’ असे म्हणणाऱ्या यंत्रणेने पुढचे दुवेही तितक्याच तत्परतेने हलवले, तरच त्या कठोरपणाला अर्थ राहतो.

२०२३ च्या अनुभवातून आणखी एक गोष्ट पुढे येते. इंटर्नशिपची अंतिम तारीख आधी ३१ मार्च होती. ती ३० जून आणि नंतर ११ ऑगस्ट करण्यात आली. स्वतःचा दोष नसताना अपात्र ठरणाऱ्या इंटर्न डॉक्टरांना त्यामुळे परीक्षा न हलवताच न्याय मिळाला. अर्थात, त्याची किंमत प्रवेश फेऱ्या लांबण्यात मोजावी लागली. साखळीतला एक दुवा न हलवण्यासाठी दुसरा हलवावा लागतो, तो असा.

२०२४ आणि २०२५ : परीक्षेतीलच दोष

पुढच्या दोन वर्षांत प्रश्नाचे स्वरूप बदलले. वाद आता तयारीच्या वेळेचा राहिला नाही, तर परीक्षेच्या विश्वासार्हतेचा झाला. जून २०२४ मध्ये ‘नीट-यूजी’तील गैरप्रकारांचे आरोप देशभर गाजत होते. १८ जूनला झालेली ‘यूजीसी-नेट’ दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. या पार्श्वभूमीवर ‘नीट-पीजी’च्या प्रक्रियेची तपासणी करण्यासाठी ती सावधगिरीचा उपाय म्हणून लांबवली जात आहे, असे मंत्रालयाने सांगितले. कारण गंभीर होते. पण ते आदल्या रात्री उगवलेले नव्हते. निदान तीन दिवस आधीपासून ते सर्वांसमोर होते. शिवाय नवी तारीख त्या वेळी जाहीर झाली नाही. उमेदवारांचा रोष प्रामुख्याने या दोन गोष्टींवर होता.

११ ऑगस्टची परीक्षा दोन सत्रांत झाली. दोन सत्रांत दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका असतात आणि त्यांची काठिण्यपातळी तंतोतंत सारखी ठेवता येत नाही. म्हणून प्रत्यक्ष गुणांऐवजी शतमत, म्हणजे पर्सेंटाइल, वापरून दोन्ही सत्रांची सांगड घातली जाते. समजा, सकाळच्या सत्रात ५६० गुण मिळवणाऱ्याच्या मागे ९५ टक्के परीक्षार्थी आहेत आणि दुपारच्या सोप्या सत्रात तेवढ्याच टक्क्यांना मागे टाकण्यासाठी ५८० गुण लागले, तर दोघांना समान लेखले जाते. ही पद्धत एका गृहीतावर उभी आहे. ते म्हणजे दोन्ही सत्रांतील परीक्षार्थींचा सरासरी वकूब सारखाच आहे. जेथे थोड्या गुणांच्या फरकाने गुणवत्ता क्रमांक शेकड्यांनी खाली घसरतो आणि हवी असलेली शाखा हातची जाते, तेथे हे गृहीत सहजी पचनी पडत नाही.

२०२५ ची परीक्षा १५ जूनला पुन्हा दोन सत्रांत होणार होती. ३० मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती एकाच सत्रात घेण्याचा आदेश दिला. दोन प्रश्नपत्रिका कधीही एकसारख्या असू शकत नाहीत आणि गुणांची अशी सांगड ही अपवादात्मक परिस्थितीतच घालावी, दरवर्षीचा शिरस्ता म्हणून नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. एका सत्रासाठी हजारांवर केंद्रे लागतील, असे सांगून परीक्षा मंडळाने ३ ऑगस्टपर्यंत मुदत मागितली. इतका अवधी कशासाठी, असा प्रश्न करूनच न्यायालयाने ६ जूनला ती मंजूर केली आणि यापुढे मुदतवाढ मिळणार नाही, हेही बजावले. ३ ऑगस्टला ३०१ शहरांतील १,०५२ केंद्रांवर, २ लाख ४२ हजारांहून अधिक उमेदवारांसाठी, एकाच वेळी परीक्षा झाली.

सात आठवड्यांचा विलंब २०२४ मध्येही झाला आणि २०२५ मध्येही. पण २०२५ मध्ये त्या बदल्यात काय मिळणार, हे सर्वांना आधी ठाऊक होते. प्रत्येकाला एकच प्रश्नपत्रिका मिळणार होती. अंतिम तारीख ठरलेली होती आणि ती पाळलीही गेली.

उमेदवारांचे हित एकच नसते

‘विद्यार्थ्यांची मागणी’ असे सरसकट म्हटले जाते, तेव्हा हे दोन लाख डॉक्टर वेगवेगळ्या परिस्थितीत असल्याचा विसर पडतो. इंटर्न दिवसभर वॉर्डात राबून रात्री पुस्तक उघडतो. त्याच्यासाठी आणखी एक महिना मोलाचा असतो. नोकरी सोडून वर्षभर अभ्यासिकेत बसलेल्या डॉक्टरला तोच महिना बिनपगारी जातो. शिवाय अचूक तारखेला शिगेला पोहोचेल, अशा बेताने आखलेली उजळणी विस्कटते. ग्रामीण रुग्णालयात बंधपत्राची सेवा बजावणाऱ्याला रजेचा प्रश्न असतो. मागच्या फेरीत मनाजोगती शाखा न मिळालेला डॉक्टर आणखी वेगळ्या पेचात असतो. सर्वांना समान एक महिना दिला, तरी त्याचा लाभ समान वाटला जात नाही.

मुदतवाढ मागणाऱ्यांचा आवाज मोठा असतो आणि ती नको असलेले बहुधा अभ्यासात गढलेले असतात. म्हणून समाजमाध्यमांवरील मोहिमांवरून बहुसंख्यांचे मत ठरवणे धोक्याचे आहे. मात्र याचा उलटा अर्थही लावू नये. याचिकाकर्ते मूठभर आहेत, एवढ्यावरून त्यांचे म्हणणे चुकीचे ठरत नाही. २०२५ मध्ये दोन सत्रांना आव्हान देणारेही मूठभरच होते. पण त्यांनी दाखवलेला दोष सर्वांना बाधणारा होता. संख्येपेक्षा दोष खरा आहे का आणि वेळ दिल्याने तो दूर होतो का, हे पाहणे अधिक न्यायाचे.

निर्णयाची कसोटी

या पाच वर्षांच्या अनुभवातून काही प्रश्न आपोआप पुढे येतात. परीक्षेत किंवा तिच्या नियोजनात असा दोष आहे का, जो मिळणाऱ्या वेळेत दुरुस्त होईल? स्वतःची चूक नसताना कोणी अपात्र ठरत आहे का. आणि असल्यास केवळ पात्रतेची मुदत वाढवून भागेल का? परीक्षा लांबली, तर नवी तुकडी खरोखरच उशिरा येणार आहे का, की प्रवेश फेऱ्या तशाही थांबलेल्या आहेत? मधल्या काळात वॉर्डातील रिकामी जागा कोण भरणार? आणि निर्णय पुरेसा आधी, नव्या तारखेसह जाहीर करता येईल का?

२०२१ ची स्थगिती आणि २०२५ ची मुदतवाढ या कसोटीवर बऱ्याच अंशी उतरतात. जून २०२४ चा निर्णय कारणाच्या कसोटीवर टिकतो, वेळेच्या कसोटीवर नाही. आणि केवळ ‘अभ्यास पुरा झाला नाही’ ही मागणी पहिल्याच प्रश्नाशी अडखळते. कारण स्पर्धा परीक्षेत वाढीव वेळ सर्वांनाच मिळतो, जागा मात्र तेवढ्याच राहतात.

दरवर्षीच्या या ओढाताणीवर न्यायालयाचा आदेश हा कायमचा उपाय असू शकत नाही. आजवर परीक्षेची तारीख आधी जाहीर होते. प्रवेश फेऱ्यांचे वेळापत्रक मागाहून ठरते. इंटर्नशिपची अंतिम तारीख, परीक्षा, निकाल, प्रवेश फेऱ्या आणि सत्रारंभ या पाचही तारखा एकत्र, वर्षाच्या आरंभीच बांधून दिल्या, तर मुदतवाढीच्या बहुतेक मागण्यांचे मूळच उरणार नाही. तारीख बदललीच, तर नवी तुकडी रुग्णालयात कोणत्या दिवशी रुजू होणार, हेही त्याच पत्रकात सांगणे यंत्रणेला भाग पडेल. आज हा दिवस कोणत्याही पत्रकात नसतो. त्याची वाट मात्र उमेदवारांबरोबर दुहेरी पाळी करणारा निवासी डॉक्टर आणि वॉर्डातील रुग्णही पाहत असतो.